सोळाचं ॲव्हरेज

अमोलनं टाकीच्या तोंडाशी डिझेल दिसेपर्यंत भरून घेतलं, मग दोन्ही हात पिकअपच्या फाळक्याला लावून गाडी गदागदा हलवली. आतली हवा बुडबुडत वर आली आणि डिझेल बोटभर खाली बसलं. पंपावाल्याला त्यानं पुन्हा नळी लावायला सांगितली. असं तीनदा झालं. मग झाकण लावून त्यावर कागदाची पट्टी चिकटवली, स्वतः सही केली आणि पेन भगवंतच्या हातात दिला.

"ही पट्टी आता अकोल्यातच फोडायची, काका. तिथं परत अशीच गळ्यापर्यंत भरायची. जेवढं बसलं तेवढं जळलं."

भगवंतनं सही केली. नावातला 'व' चांगला वीतभर लांब गेला. डिसेंबरात सकाळी आठ वाजता माणसाला घाम फुटायचं काही कारण नाही, पण त्याच्या मानेवरून ओघळ उतरत होता. त्यानं तो दुपट्ट्यानं पुसला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

अमोल अमरावतीच्या शोरूमचा माणूस. शोरूमनं स्पर्धा काढली होती, नव्या पिकअपला सगळ्यात जास्त ॲव्हरेज कोण काढतो त्याची. अकरा जणांनी नावं दिली होती. भगवंतनं दिलं नव्हतं, ते त्याच्या बायकोनं, शकुननं दिलं होतं. आणि का देऊ नये? वीस वर्षं नवरा दुसऱ्याच्या गाड्या हाणत आला, पन्नाशीला स्वतःची पांढरीशुभ्र पिकअप दारात उभी राहिली, तिनं पहिल्या महिन्यात लिटरला अकरा दिले तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. आणि पोळ्यानंतर काय जादू झाली कुणास ठाऊक, तीच गाडी सोळा द्यायला लागली! वलगावातले लोक घरी येऊन विचारायचे, कोणतं तेल टाकता? कुणी म्हणायचं, उतारावर न्यूट्रल मारत असल. शेजारचा शेषराव, त्याचीही पिकअपच, तो तर झाकण उघडून वास घेऊन गेला होता.

भगवंत सगळ्यांना एकच सांगायचा. टायरची हवा पाहतो, क्लचवर पाय ठेवत नाही, पंचेचाळीसच्या वर जात नाही, लांबूनच पाय काढतो. सगळं खरं होतं. फक्त का, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

गाडी निघाली. मागं वांगी, कोबी, सांभाराच्या हिरव्या जुड्या, सगळं अकोल्याच्या मेसवाल्यांकडे अकरापर्यंत पोचायचं. अमोलनं मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला आणि भगवंतनं दुपट्टा उजव्या गुडघ्यावर पसरला.

"थंडी वाजून राहिली का?"

"थोडीशी."

थंडीचा काय संबंध! तेव्हा पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. याच रस्त्यानं भगवंत सत्तरच्या वेगानं चालला होता. वलगावपासून वीस-बावीस किलोमीटरवर एक फाटा लागतो, पत्र्याचं एक शेड आहे, बंद पानटपरी आहे. डावीकडे गाव, उजवीकडे शेतं. शेडच्या आडून एक म्हातारी डोक्यावर डब्याचं गाठोडं घेऊन रस्त्यात आली. भगवंतनं ब्रेकवर उभं राहावं तसा ब्रेक दाबला. गाडी वाकडी होत होत थांबली तेव्हा बंपर आणि म्हातारीचं लुगडं यांच्यात हातभर जागा होती. गाठोडं खाली पडलं होतं. म्हातारीनं ते उचललं, गाडीकडे एकदा पाहिलं आणि रस्ता ओलांडून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा त्याचा राहिला नव्हता. फाटा जवळ आला की तो थरथरायचा, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप सुटायचा. रोज पावणेनवाला तो तिथून मुंगीच्या पावलानं जायचा. शेडशेजारी आठ-दहा बाया उभ्या दिसायच्या, वावरात जाणाऱ्या. त्यांच्या तोंडाकडे पाहायची त्याची हिंमत व्हायची नाही. त्यांतली ती कोणती असेल, तिनं ओळखलं तर? आणि हे घरी कळलं तर? भेदरलेल्या माणसाच्या हाती कोण गाडी देतं? शकुन दुसऱ्या दिवशी पगारी ड्रायव्हर ठेवील आणि आपण ओट्यावर बसून शेंगा फोडू, एवढंच त्याला दिसायचं. आता तर शेजारी साक्षीदार बसला होता, आणि त्याच्या हातात कॅमेरा.

अमोल समोरच्या काचेखालचा ॲव्हरेजचा आकडा पाहत होता. नव्या गाडीत तो आपला आपण दिसतो.

"सोळा पॉइंट आठ! काका, तुमी तं मास्तर हाय." मग त्यानं रस्त्याकडे पाहिलं. "आता सरळ रस्ता हाय. इथं पाय काढू नका. गाडी हळू केली का पुन्हा उचलाले डिझेल पेते. हा फाटा पंचेचाळीसनंच काढा, सतरा पक्के."

"बाया असतात तिथं."

"कडंले उभ्या हाय त्या. त्यायले दिसत नाई का?"

भगवंतनं खरंच प्रयत्न केला. दात आवळले, पाय तसाच ठेवला. शेड दिसलं, लाल-हिरवी लुगडी दिसली, आणि गुडघा दुपट्ट्याखाली उडायला लागला. पाय सुटला. चाळीस, तीस, वीस. मागं एक ट्रक कधीचा हॉर्न मारत होता. गाडी हळू झाली तशा बाया एकदम रस्त्यावर उतरल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. उजवीकडे बघणं नाही, डावीकडे बघणं नाही. आणि आरशात तो ट्रक उजव्या बाजूनं बाहेर निघाला, ओव्हरटेक करायला.

भगवंतला पुढचं नीट आठवत नाही. त्यानं स्टिअरिंग उजवीकडे ओढलं आणि गाडी रस्त्यावर आडवी घातली. ट्रकच्या ब्रेकचा आवाज असा आला की अमोलच्या हातातला मोबाईल खाली पडला. रबर जळाल्याचा वास आला. ट्रकचं तोंड भगवंतच्या दारापासून दोन हातांवर थांबलं होतं, आणि वरून ड्रायव्हर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

बाया रस्ता ओलांडून गेल्या. एक तेवढी मागं फिरली आणि खिडकीशी आली. तीच. भगवंतनं तिला लगेच ओळखलं.

"आज आडवी काहून लावली रे, बापू?"

भगवंतनं दुपट्टा गुडघ्यावर दाबून धरला.

"तूच ना तो? पोळ्याच्या टायमाले मायाजवळ येऊन थांबला होता तो? गाडीचा वारा लागला होता मले." म्हातारीनं खिडकीच्या काठावर हात ठेवला. "मी पंचफुला. घरी जाऊन दोन दिवस तापानं फणफणली होती मी. पण मंग पायलं, ते पांढरी गाडी रोज येते अन् रोज हळू होते. बाकी कोनी नाई होत हो, सारे मेले उडतेत. तवा मी सगळ्याईले सांगतलं, घाई नोका करू, पांढरी गाडी येऊ द्या, मंग निंगा. तवापासून तुयावरच हाय आमी."

"माय, मागं-पुढं पाहत जा ना," एवढं कसंबसं भगवंत म्हणाला.

"पाहू कायनं? दोन्ही डोयात मोतीबिंदू हाय. पांढरं तेवढं दिसते." ती हसली. "लय भला मानूस हाय तू. जा, तुले उशीर होत असल."

ती गेली. ट्रकही शिव्या देत गेला. अमोलनं मोबाईल उचलला, फुंकला आणि काचेखाली पाहिलं.

"आकडा पडला, काका," तो हळूच म्हणाला. "पण जाऊ द्या."

दर्यापूर सोडल्यावर भगवंतला रस्त्यावर पांढऱ्या पिकअपच दिसायला लागल्या. भुसा नेणाऱ्या, गॅसच्या टाक्या नेणाऱ्या, सोयाबीनची पोती नेणाऱ्या. आधी कधी लक्षच गेलं नव्हतं. फाट्यावर त्यांतली कोणती हळू होणार होती? एकवीसपर्यंत मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं. चार महिने त्याला भेव होतं ते एका म्हातारीच्या नजरेचं. तिनं तर त्याला भला माणूस करून टाकलं होतं, आणि हे भेव त्याहून मोठं होतं.

अकोल्यात पट्टी फोडली. सोळा पॉइंट तीन बसलं. संध्याकाळी अमोलचा फोन आला की तरीही पहिला नंबर तुमचाच, बाकी कुणी पंधराच्या वर गेलं नाही. उद्या रविवारी सकाळी नऊला राजापेठेतल्या हॉलमध्ये सत्कार आहे, काकूंना घेऊन या, दोन शब्द बोला.

"अन् उद्याचा माल?" भगवंत म्हणाला. चार महिन्यांत त्याचा एक खाडा नव्हता.

शकुनकडे उत्तर तयार होतं. "शेषरावभाऊजीईले सांगतलं मी. ते नेतात आपली भाजी. एक दिवस मान घ्या न आता."

सकाळी शेषरावनं अंगणातच माल चढवला. त्याची गाडी पांढरी, पुसून लख्ख केलेली. भगवंत तिच्याकडे पाहत उभा राहिला.

"शेषराव, फाट्यावर बाया असतात. लय हळू घेजो."

"तुमी काय मले ॲव्हरेज शिकवून राहिले?" शेषराव हसत सुटला. "मी काई तुमच्यावाणी बैलगाडी हाकत नाई, भगवंतभौ. दहाले अकोला गाठतो का नाई पाहा."

"ॲव्हरेजसाठी नाई सांगत मी. त्या बाया..."

पण शेषरावनं गाणी लावली होती. गाडी फाटकातून निघून गेली.

शकुन नवी जांभळी साडी नेसून, केसांत शेवंती माळून आली. भगवंतनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाण्यात कुठला ऐकू येतो! दोघं आपल्या पिकअपमधून निघाले तेव्हा आठ वाजून अठरा मिनिटं झाली होती. चौकात आले तर शेषरावची गाडी पंपावरून डिझेल भरून निघत होती. ती दर्यापूरच्या रस्त्याला लागली, आणि भगवंतनंही स्टिअरिंग तिकडेच वळवलं.

"आवो! अमरावती तिकडं रायली न!"

"ठावं हाय."

"मंग? खाली गाडी घेऊन इकडं कुठं? नऊ वाजता तुमचं नाव घेतीन तिथं."

भगवंतनं दोनदा हॉर्न दिला. पुढच्या गाडीनं पाहिलंही नाही. काटा पंचेचाळीसवर आला आणि पाय तिथंच अडला, चार महिन्यांच्या सवयीनं. पुढची पांढरी गाडी लहान होत चालली. दुपट्टा उडायला लागला तसं शकुननं त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. तिनं दुपट्टा उचलला.

"हे काय व्हय? कदीपासून होते हे?"

"पोळ्यापासून." त्यानं नजर रस्त्यावरच ठेवली. "मले भेव वाटते, शकुन. एका म्हातारीले मी उडवतच होतो. तवापासून हळू चालवतो, म्हनून ते सोळाचं ॲव्हरेज. बाकी काई जादू नाई. अन् आता त्या फाट्यावरच्या बाया पांढरी गाडी दिसली का खुशाल रस्त्यात उतरतात. हळू होईल म्हनून. अन् त्यो शेषराव चालला पुढं. आपलीच वांगी घेऊन."

शकुननं समोर पाहिलं. रस्ता सरळ होता आणि शेषरावची गाडी आता काडेपेटीएवढी दिसत होती. तिनं केसांतली शेवंती घट्ट खोचली आणि एका हातानं दाराचं हँडल धरलं.

"मंग हळू काहून चालवून राहिले?" ती म्हणाली. "दाबा न! त्यायच्या पुढं काढा!"

भगवंतनं पाय दाबला. साठ, सत्तर, पंच्याहत्तर. नवी गाडी, मागं ओझं नाही, ती उधळलीच. गुडघा अजून थरथरत होता, पण पाय खालीच राहिला. समोरचा आकडा सोळावरून पंधरावर आला, मग चौदावर, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शकुननं उजवा हात लांब करून हॉर्नवर ठेवला आणि काढलाच नाही. लांब पत्र्याचं शेड दिसायला लागलं होतं, शेडशेजारी लाल-हिरवी लुगडी, आणि शेषरावची पांढरी गाडी येताना पाहून त्यांतलं एक लुगडं रस्त्यात उतरायला पुढं सरकलं होतं.