सुनेची शिफारस

आमच्या मिठबावात आंब्याचं कलम मोहरलं की त्याच्याखाली उभं राहून 'काय मोहर आलाय!' असं कोणी म्हणत नाही. म्हटलं की दृष्ट लागते, मोहर गळतो. आमच्या बागेत तर मी पाहुण्यांना आधी तोंड बंद ठेवायला सांगते, मगच आत सोडते. माणसांचंही तेच. माझी सून रिया, तिला नऊ वर्षांत मी एकदाही बरं म्हटलेलं नाही. मुलगा विनीत बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने समुद्रात. आंब्याचं सगळं तीच बघते. म्हणून तर जास्त जपावं लागतं.

एके दिवशी ती म्हणाली, "आई, माका तुमचां एक पत्र होयां."

"माझां पत्र? मी चौथी शिकलंय गो. पाचवीची शाळा खाडीपलीकडे, नि होडयेत बसलंय की माका ओकारी येय."

"पुण्याच्या मॅनेजमेंट कॉलेजात अर्ज केलंय. थंय आपल्या साहेबाची शिफारस लागता. माझो साहेब म्हणजे तुमीच."

साहेब! शब्द आवडला, पण मी तोंडावर काही दाखवलं नाही.

दोनदा तिला तिथून नकार आला होता. बाकीचे अर्जवाले इंजिनियर नाहीतर बँकेतले. ही मराठी घेऊन बी.ए. झालेली, आणि अनुभव काय, तर आंब्याच्या पेट्या. मागच्या दोन्ही वेळी तिने जुन्या सरांचं पत्र जोडलेलं. त्यात सरांनी लिहिलं होतं, 'मुलगी सुशील आहे.' सुशील तर आमची म्हैसही आहे! यंदा नाही झालं तर परत विचारणार नाही, म्हणाली. भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली. ते मला लागलं.

पत्र तिला न दाखवता परस्पर पाठवायचं होतं. मी देवगडला निलेशच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. मी सांगायचं, त्याने इंग्रजीत टाइप करायचं. मी सांगितलं ते असं:

"रिया हट्टी आहे. एकदा टेम्पो तळेऱ्याला पोचला होता. एका पेटीत पेंढ्याखाली डागी आंबे गेलेत असं कळलं, तर भर उन्हात स्कूटरवरून जाऊन तिने टेम्पो मागे फिरवला आणि सगळ्या पेट्या उघडायला लावल्या. मुंबईची गाडी चुकली. ती उलट बोलते. आमचा आंबा शेवटी खातं कोण, असं दलालाला विचारत बसली, तो रागावून तुटला. आता खाणारे लोक घरीच फोन करतात, माझी दुपारची झोप गेली. गड्यांना आमच्याच पंगतीत जेवायला बसवते. ते मोसमात दुसरीकडे जात नाहीत, आणि माझी सोलकढी मला उरत नाही."

निलेशचे हात थांबले. "काकी, ही शिफारस आसा काय पोलिसातली तक्रार?"

"तू टाइप कर. माझ्या सुनेक दिष्ट लागली तर तू काढशील?"

फेब्रुवारीत मुलाखत आली, घरच्याच कॉम्प्युटरवर. रिया इस्त्रीची साडी नेसून बसली, मी दाराआड सुपात कुळीथ निवडत. पडद्यावर दोन साहेब आणि एक चष्म्याच्या मॅडम. रियाचं इंग्रजी बरं चाललं होतं. तेवढ्यात मॅडम मराठीत म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंचं पत्र वाचलं. त्यात कौतुकाची एक ओळ नाही."

रियाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मेल्या बकरीसारखी नजर. माझं सूप कलंडलं. या शहरातल्या लोकांना आपलं माणूस दुसऱ्यासमोर वाईट का म्हणायचं, हे कोणी शिकवलेलंच नाही!

"त्या आहेत का घरात?"

पदर सारखा करून मी पुढे झाले.

"इतके दोष, तर नऊ वर्षं हिला कामावर कसं ठेवलंत?" मॅडमनी विचारलं.

मोहरलेल्या कलमाखाली उभं राहिल्यासारखी माझी जीभ जड झाली. गप्प राहावं तर पोरीचं नुकसान. बोलावं तर... मग बोललेच.

"मी कुठली ठेवते? तिनं मला ठेवलंय. दलाल तुटला त्या वर्षी मी बाग विकायला निघाले होते. आज बाग उभी आहे ती हिच्या डोक्यावर. मी नुसती ओरडते."

बोलले आणि ध्यानात आलं, चारचौघांसमोर सुनेला बरं म्हटलं. तशीच स्वयंपाकघरात धावले, मूठभर मीठ आणि सात मिरच्या घेऊन आले, आणि पडद्यासमोरच रियावरून तीनदा उतरवल्या.

"हे काय करताय?" एक साहेब म्हणाले.

"तुम्ही तिघं अर्धा तास टक लावून बघताय तिच्याकडे. त्याचा बंदोबस्त."

तिघंही हसत सुटले. रिया मात्र हसली नाही. डोळे पुसत होती. मी म्हटलं, मिरच्यांचा धूर असेल, पण मिरच्या अजून चुलीत पडायच्या होत्या.

आंब्याचा मोसम उरकून जूनमध्ये ती पुण्याला त्या कॉलेजात शिकायला गेली. एसटीच्या खिडकीतून म्हणाली, "आई, जाताना तरी एकदा बरां म्हणा."

"डोक्यार पदर घे. वारो लागतलो."

परवा शेजारची सुगंधा कुंपणावरून विचारत होती, "सून बरी आसा मां थंय?"

"खंय बरी? मास्तरांका उलट प्रश्न इचारता म्हणे. त्यांचोय टेम्पो मागे फिरवतली बघ ती."