अखंडबाईंचे नियम

टीव्हीवरच्या त्या बाईचं नाव सासूबाईंनीच ठेवलं होतं: अखंडबाई. सगळं जग पेंगायला लागलं की ही पिवळ्या कोटात उगवायची, फळ्यावर एक अर्धवट शब्द लिहायची आणि कुणीतरी फोन करून तो पुरा करेपर्यंत बोलत राहायची. फोन आला तरी बोलायची, नाही आला तरी बोलायची.

"हिला श्वास घ्यायला वेगळं नाक दिलंय की काय?" असं म्हणत पहिल्या रात्री त्यांनी रिमोट उचलला होता. सुनेनं त्यांचा हात धरला.

"आई, थांबा! ठकी गप्प झाली."

ठकी म्हणजे नात. नुकती कुठे मान धरायला लागली होती, पण सगळं घर तिच्या मुठीत होतं. खुळखुळा, खांदा, येरझाऱ्या, सगळं करून झालं होतं. अखंडबाईंचं बोलणं कानावर पडलं की मात्र डोळे जड व्हायचे.

"माझ्या गाण्याला रडते आणि हिच्या बडबडीला झोपते! रक्त कुणाचं म्हणायचं हे?"

"तुमचंच," सून म्हणाली. "तुम्हाला तरी कुठे गप्प बसवतं?"

सासूबाईंचा जन्म कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाणं उलगडण्यात गेला होता. म्हणूनच रोज बघता बघता त्यांची थट्टा निवत गेली. समोर गिऱ्हाईक असलं की कुणीही बोलेल. पण रिकाम्या दुकानात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, आत्ता कुणीतरी पायरी चढणारच अशा चेहऱ्यानं उभं राहायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. "लाइन मोकळी आहे, मी मोकळी आहे, आमचा कॅमेरावालासुद्धा मोकळा आहे, जांभया देतोय बिचारा," असं अखंडबाई म्हणायची आणि सासूबाई पुटपुटायच्या, "वा गं बाई."

त्या रात्री मात्र गाडं अडलं. मुलगा रात्रपाळीला गेला होता. सून दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात रुजू होणार होती. बाळंतपणानंतरचा पहिला दिवस, एक्स-रे काढायचं काम. तिला झोप मिळायलाच हवी होती. आणि टीव्हीवर अखंडबाई मुकी उभी!

फळ्यावर 'पा', मग रिकामी चौकट, मग 'णा'. खाली सूचना: घरात आला की झोप उडते. बाजूला मोठं घड्याळ आणि ढाणढाण ढोल. फोन आला की ढोल थांबायचे. कुणी म्हणायचं "पाहुणा", की भोंगा वाजायचा, फोन कट, पुन्हा ढोल. एकानं "पावणा" सांगितलं. "तोच तो, मागच्या दारानं आलेला," एवढं अखंडबाई बोलली, तोच भोंगा. ती कानातलं यंत्र चाचपत नुसती हसत उभी राहिली.

"वरून हुकूम आलाय," सासूबाईंनी ओळखलं. "आमच्या दुकानाच्या नव्या मालकानंही एकदा असंच केलं होतं. गाणी लावा, बोलू नका."

ठकीनं टाहो फोडला. सुनेनं तिला खांद्यावर घेतलं. तिचे स्वतःचेच डोळे भरून आले होते. "आई, उद्या मी कुणाच्या तरी पायाऐवजी हाताचा फोटो काढणार बघा."

सासूबाईंनी फोन उचलला आणि पडद्यावरचा नंबर फिरवला. बराच वेळ 'प्रतीक्षा करा' ऐकलं. मग एकदम ढोल थांबले.

"नमस्कार! कोण बोलतंय? आधी टीव्हीचा आवाज बंद करा बरं, घुमतोय."

सासूबाईंनी आवाज बंद केला, फोन स्पीकरवर टाकून पाळण्यात उशीशी ठेवला.

"बोला काकू, उत्तर?"

"उत्तर राहू दे. तुम्ही आज बोलत का नाही? आमची नात तुमच्या बोलण्यावर झोपते हो! तिची आई उद्या कामाला जायचीय, आणि इथे ढोल बडवताय!"

पडद्यावर अखंडबाईंचा हात कानाकडे गेला. कुणीतरी आतून ओरडत असावं. मग तिनं कोट सारखा केला आणि आवाज एकदम खाली आणला.

"काकू, तुम्ही आमच्याकडे नवीन दिसता. नवीन माणसाला नियम वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तेवढ्यात कुणाला मध्ये भोंगा वाजवता येत नाही. वाचू?"

"सावकाश वाचा."

"नियम पहिला. स्पर्धक सज्ञान असावा. शेजारी कुणी लहान असेल, तर तिनं डोळे मिटून ऐकावं. नियम दुसरा. आमचे कर्मचारी भाग घेऊ शकत नाहीत. त्यांचे भाऊ नाहीत. भावांचे मेहुणे नाहीत. मेहुण्यांचे शेजारी... त्यांच्याबद्दल विचार चालू आहे..."

एकेक नियम ठाणासारखा उलगडत गेला, घडी मोडू न देता. सुनेनं ठकीला पाळण्यात ठेवलं. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांचे उसासे. मेहुण्यांचे शेजारी संपून त्यांच्या भाडेकरूंवर आले तेव्हा ठकीची मूठ सुटली होती. आणि सून? पाळण्याच्या कडेला डोकं टेकून, फोनवर हात ठेवून तशीच झोपली होती.

सासूबाईंना तो हात हलवायचा धीर होईना. त्या फोनवर वाकल्या.

"बाई," त्या कुजबुजल्या, "दोघी झोपल्या."

"दोघी?" अखंडबाईही कुजबुजली. "मग काकू, आता उत्तर सांगून टाका. बक्षीस तुमचंच होईल."

सासूबाईंनी पडद्यावरच्या चौकटीकडे पाहिलं. मग हाताखालच्या लाकडी कठड्याकडे. उत्तर सापडलंच होतं. त्याच्यावरच तर वाकल्या होत्या.

"उत्तर आलंय. पण बरोबर आलं की तुमची घंटा वाजते ना?"

"घणघण."

"आणि चुकलं की भोंगा."

"हो."

"मग राहू दे. वेळ संपली म्हणा."

सुनेच्या बोटांमधून वाट काढत त्यांनी फोन हलकेच बंद केला. टीव्ही मुकाच होता. पडद्यावर ढोलाचं चित्र आलं, गेलं. अखंडबाईनं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, कॅमेऱ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं, आणि मग ती पुन्हा बोलायला लागली.

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. आवाज नव्हता, तरी शेवटपर्यंत बघत राहिल्या.