बाजाराच्या दिवशी फाटक

माझी बहीण पंचफुला नागपूरहून मानसशास्त्रात एम.ए. होऊन आली, तेव्हा इंझोरीत तिला पहिला प्रश्न कोणी विचारला असेल तर आमच्या शेजारच्या लिलाबाईने. म्हणाली, "आता तू येड्यायचा दवाखाना टाकशीन काय वं?" पंचफुला हसली. मी नाही हसलो. मी एस.टी.त कंडक्टर होतो आणि मला राग लवकर येतो. दिवसभर सुट्ट्या पैशांवरून लोकांशी भांडल्यावर माणसाच्या अंगात सहनशक्ती उरत नाही.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. तेव्हा वाशीम जिल्हा वेगळा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. आमच्या बौद्ध वस्तीत मुली चौथीपर्यंत शिकायच्या आणि मग निंदणीला जायच्या. पंचफुला शिष्यवृत्तीवर नागपूरपर्यंत गेली, ही गोष्ट आमचा बाप ग्यानबा पारावर बसून रोज कोणाला तरी सांगायचा. समोरचा विचारायचा, "मंग लागली काय नोकरी?" तिथे बाप विषय बदलायचा.

कारण नोकरी नव्हती. कॉलेजात जागा नव्हती. नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टर पाहिजे होता. शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागायचं. अकोल्याच्या रोजगार कार्यालयात नाव टाकलं, तर तिथला बाबू म्हणाला, "मानसशास्त्र? ह्याच्यावर काय होते, ते तुमीच सांगा." इकडे गावात बायका तिच्याकडे येऊ लागल्या. एकीची म्हैस पान्हा चोरायची, एकीचा नवरा न बोलता जेवायचा. पंचफुला सगळ्यांचं ऐकून घ्यायची. मी म्हणायचो, अशानं पोट भरत नाही. ती म्हणायची, "भाऊ, ऐकून घेनं हेच तर शिकून आली मी."

पावसाळा लागायच्या आधी कारंज्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. तांड्यांवरच्या बंजारा मुली आणि आमच्यासारख्या वस्त्यांवरच्या मुली तिथे राहून शाळेत जायच्या. जायच्या म्हणजे जायच्या आणि पळायच्या. आज दोन गेल्या, पुढच्या आठवड्यात आणखी एक. जुन्या अधीक्षिका कंटाळून सोडून गेल्या होत्या, त्यांच्या जागी पंचफुला पाहिजे होती. सरकारी साहेब तंबी देऊन गेला होता की दिवाळीनंतर येईन, तेव्हा खोल्या रिकाम्या दिसल्या तर वसतिगृह बंद.

संस्थेचे अध्यक्ष गोविंदसिंग. स्वतः तांड्यावर जन्मलेले, शिकून वकील झालेले, कारंज्यात बंगला बांधलेले. माणूस मनाचा चांगला, पण आपल्या शब्दावर दुसऱ्याचा शब्द चढलेला त्यांना खपत नसे. पंचफुलाला म्हणाले, "दिवाळीनंतर पोरी टिकल्या तर तुमी कायम. नाई टिकल्या तर मंग तुमाले कोठी ठेवू? वसतिगृहच राहनार नाई." म्हणजे तिची नोकरी आणि त्या पोरींची शाळा एकाच दोरीला बांधलेली होती.

पोरी का पळतात, हे कारंज्यात प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. स्वयंपाकीण म्हणे, भाकर आवडत नाही. शेजारचे म्हणत, मागच्या चिंचेवर बाधा आहे. शाळेतले गुरुजी म्हणत, तांड्याची जातच फिरती, त्यांना बांधून ठेवता येत नाही. हे ऐकून माझं डोकं फिरलं. त्याच गुरुजींची तीन वेळा बदली झाली होती, म्हणजे फिरती जात कोणाची? गोविंदसिंगांनी कुंपणाची भिंत उंच केली होती आणि फाटकावर अमरसिंग नावाचा चौकीदार बसवला होता. उचलल्या विटा, लावल्या भिंतीला.

माझी गाडी कारंज्याच्या स्टँडवर थांबायची तेव्हा मी घरची भाकर-चटणी घेऊन पंचफुलाकडे जायचो. वाटलं होतं, ही नागपूरच्या पुस्तकातल्या परीक्षा काढेल, पोरींना चित्रं दाखवेल, कागदावर गुण मांडेल. तिनं पुस्तकांची पेटी उघडलीही नव्हती. सकाळी पोरींच्या वेण्या घालत बसायची.

"वेन्या घालाले एम.ए. लागते काय?" मी विचारलं.

"वेनी घालताना पोरगी समोर पाहत नाई," ती म्हणाली. "पाठ फिरवली की बोलते."

एक गोष्ट तिनं मला त्या दिवसांत सांगितली, ती मी नंतर प्रवाशांवरही वापरली. माणसाला "काहून केलं" असं विचारलं की तो काहीतरी कारण बनवून देतो, कारण खरं कारण त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. त्यापेक्षा त्याआधी काय झालं ते विचारावं. म्हणून ती परत आणलेल्या पोरींना पळालीस का, हे विचारतच नसे. आदल्या दिवशी काय केलंस, कुठे बसलीस, काय खाल्लंस, एवढंच विचारायची.

श्रावणात धनी पळाली. पाचवीतली पोरगी, मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या तांड्याची, गणितात सगळ्यांच्या पुढे. शाळा सुटल्यावर बाजाराच्या गर्दीतून निघून गेली. गोविंदसिंगांनी दुसऱ्या दिवशी जीप पाठवायची ठरवली, पोरीला उचलून आणायला. पंचफुला म्हणाली, जीप नको, मी जाते. आणि माझ्या गाडीत येऊन बसली. तांड्याच्या फाट्यावर मी तिला उतरवलं आणि परतीच्या फेरीला घ्यायला आलो, तेव्हा ती एकटीच उभी होती.

"पोरगी कोठी हाय?"

"राहू दे तिले मायजवळ. येईन ते." मग गाडीत बसल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज रागानं चढत होता. माझ्या घरात राग फक्त मलाच येतो असा माझा समज होता.

गोष्ट अशी होती. वसतिगृहात आईबापांनी भेटायचा दिवस रविवार. रविवारी सकाळीच पोरी अंघोळी करून, तेल लावून फाटकासमोर ओळीनं बसायच्या. दुपार व्हायची, ऊन कलायचं, कोणी येत नसे. संध्याकाळी निम्म्या पोरी जेवत नसत. मोठ्या माणसांनी ह्याचा अर्थ लावला होता की ह्यांच्या आईबापांना ह्यांची पर्वा नाही. पोरींनीही तोच लावला होता.

पण धनीची आई जमनाबाई पंचफुलाला म्हणाली, "बाई, मी दर बाजारी येतो पोरीले भेटाले. फुटाने आनतो, तिच्या बापानं दिलेली रिबिन आनतो. तो चौकीदार हाकलते. म्हंते रविवारी ये. आमाले काय मालूम रविवार कवा असते? बाजार सोडला त रोज निंदन असते. मालक सुट्टी देईन काय?"

आमच्याकडे मजुराचा आठवडा बाजारावर चालतो. मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते, काम बाजाराच्या दिवशी बंद असतं, मीठ-मिरची त्याच दिवशी, सोयरीक त्याच दिवशी, भांडणसुद्धा त्याच दिवशी. रविवार हा कचेरीतल्या लोकांचा सण. आणि तो ठेवला कोणी? तांड्यावर जन्मलेल्या गोविंदसिंगांनी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. त्यात बाजाराच्या दिवशी वर्गाच्या खिडकीतून पोरींना आपल्या तांड्याची माणसं रस्त्यानं जाताना दिसायची. माय गावात आली आणि मला भेटली नाही, एवढंच त्या पोरीला समजायचं. मग ती मायच्या मागे निघायची. त्यात भाकरीचा दोष नव्हता आणि चिंचेचाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंचफुला गोविंदसिंगांच्या बंगल्यावर गेली. मी सोबत होतो, गणवेशातच. तिनं सांगितलं, भेटीचा दिवस बाजाराचा करा, शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत फाटक उघडं ठेवा.

वकीलसाहेब चिडले. "फाटक उघडं ठेवलं त राहिलेल्या बी पोरी गाड्यात बसून जातीन. अन् हे सांगाले मानसशास्त्र कायले पायजे? हे त माह्या आजीनं बी सांगतलं असतं."

"मंग आजीले ठेवलं असतं," पंचफुला म्हणाली. "आजीनं सांगतलं नाई, तुमी इचारलं नाई. मी सांगून राह्यली."

मी खुर्चीची कड घट्ट धरली. मला वाटलं, गेली नोकरी. गोविंदसिंगांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "एक बाजार. मी सोता फाटकावर बसतो. एक बी पोरगी गेली, त तुमी बी जा."

तो बाजार मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. आधीच्या फेऱ्यांत मी प्रत्येक तांड्याच्या फाट्यावर निरोप दिला होता आणि त्या दिवशी रजा टाकली होती. धनी त्या दिवशी सकाळीच आईबरोबर आली आणि वर्गात जाऊन बसली होती. शाळा सुटली, अमरसिंगानं फाटक उघडलं, आणि पहिला बराच वेळ कोणीच आलं नाही. गोविंदसिंग खुर्चीवर बसून घड्याळाकडे पाहत होते. पोरी ओसरीवरून फाटकाकडे पाहत होत्या. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. पंचफुला मात्र एका पोरीची वेणी घालत होती, पण तीच वेणी तिनं सोडून पुन्हा घातली, ते मी पाहिलं.

मग आले. आधी एक म्हातारा धोतराच्या सोग्यात पेरू घेऊन. मग बायका, कडेवर लहान पोरं. लखमा, म्हणजे धनीचा बाप, फाटकापाशी थांबला आणि सवयीनं अमरसिंगाकडे पाहिलं. अमरसिंग म्हणाला, "जा ना बापा, आज कोनी अडवत नाई." मग अंगण भरून गेलं. कोणी भजी आणली, कोणी बांगड्या भरल्या, कोणी पोरीची वही उलटी धरून पानं पाहत बसलं. एक बाई नुसती पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत रडत होती आणि पोरगी लाजून इकडेतिकडे बघत होती. मलाही रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवायला जागाच नव्हती.

खरी भीती पुढे होती. ऊन उतरलं, बाहेर बैलगाड्या जुंपल्या. तांड्याची माणसं निघाली आणि पोरी त्यांच्या मागे फाटकाबाहेर गेल्या. गोविंदसिंग उठून उभे राहिले. धनी सरळ गाडीत चढली आणि आईला चिकटून बसली. अमरसिंग पुढे सरकला. पंचफुलानं त्याचा हात धरला.

"धरू नका तिले," ती म्हणाली. "ते धरल्यानं राहनार नाई."

लखमानं कासरा हातात घेतला, पण गाडी हाकली नाही. धनीनं आईकडे पाहिलं आणि विचारलं, "पुढच्या बाजारी येशीन?"

"येईन."

"अन् पानी आलं त?"

"पान्यात येईन."

धनी गाडीतून उतरली. ओढणीच्या टोकाची गाठ सोडून जमनाबाईनं तिला उरलेले फुटाणे दिले. पोरगी फुटाणे खात खात फाटकातून आत आली आणि आमच्याकडे न पाहता ओसरीवर जाऊन दप्तर उघडून बसली. तिच्यामागे बाकीच्या आल्या. एकही गेली नाही. गोविंदसिंग पुन्हा खुर्चीवर बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले, "माही माय बी बाजारीच येत होती मले भेटाले. मी इसरलो होतो."

त्यानंतर दिवाळीपर्यंत कोणी पळालं नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या पोरी घरी जाणार, आणि त्यांचे बाप कापूस वेचायच्या दिवसांत घरात आलेले हात परत पाठवतील का, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. सरकारी साहेब सुट्टी संपल्यावर यायचा होता. सुट्टीभर इंझोरीत पंचफुला जेवताना मध्येच थांबायची. आमचा बाप म्हणायचा, "तू तुह्यं काम केलं ना, मंग जेव." त्याचंही ताट तसंच असायचं.

शाळा उघडायची सकाळ बाजाराचीच होती. माझी ड्यूटी मानोरा-कारंजा फेरीवर. तांड्याच्या पहिल्या फाट्यावर चार पोरी उभ्या, पुढच्यावर सहा, त्यापुढे गाडी थांबवायला रस्त्यातच हात केलेले. मी म्हणालो, जागा नाही, आणि सगळ्यांना आत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीत दाटी झाली आणि मी कोणावर ओरडलो नाही. ड्रायव्हर म्हणाला, "आज तुले काय झालं गा?" मी म्हणालो, "चाल तू."

कारंज्याला पोहोचलो तर वसतिगृहात बैलगाड्यांनी आलेल्या पोरींची आधीच रांग. जुन्या आल्याच, आदल्या वर्षी पळालेल्याही आल्या, आणि काही जणी धाकट्या बहिणींना घेऊन आल्या. साहेब आला तेव्हा खोल्यांत जागा नव्हती, ओसरीवर सतरंज्या घातल्या होत्या. त्यानं गोविंदसिंगांना विचारलं, "हे कसं केलं?" गोविंदसिंगांनी पंचफुलाकडे बोट दाखवलं. "ह्या बाईनं. कायम केलं त्यायले आजपासून." माझा बाप ते ऐकायला मुद्दाम आला होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "माही पोरगी हाय."

साहेबानं पंचफुलाला विचारलं, आपलं शिक्षण काय? ती उत्तर देणार, तेवढ्यात गर्दीतून जमनाबाई पुढे आली. तिला साहेबाशी घेणंदेणं नव्हतं. तिनं धनीला दंडाला धरून पंचफुलासमोर उभं केलं.

"बाई, तुमी जे शिकल्या ते माह्या धनीले शिकाले किती वर्सं लागतीन?"

पंचफुलानं खरं ते सांगितलं. "लई वर्सं लागतात, जमनाबाई. बारा-तेरा तरी."

"लागू द्या," जमनाबाई म्हणाली. "मी येत जाईन दर बाजारी."