कठड्याला लाथ

एलुनेडच्या अंगात सकाळपासून नुसता उत्साह संचारला होता. वय चौऱ्याहत्तर, नवा खुबा बसवून जेमतेम पाच महिने झालेले, आणि बाई बंदराच्या धक्क्यावर बुटाचे बंद आवळून, हातात काठी घेऊन तयार! पैज लेकीशी होती. वेल्समधल्या ॲबरिस्टविथचा किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न बसता चालायचा आणि टेकडीखालच्या कठड्याला लाथ मारायची. जमलं तर समुद्राकाठचं घर एलुनेडचं. नाही जमलं तर ते विकून लेकीकडे, हेलेदकडे, कार्डिफला मुक्काम.

कठड्याला लाथ मारल्याशिवाय फेरी पुरी होत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. का मारायची, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

किल्ल्याच्या पडक्या भिंतींपाशी हेलेद म्हणाली, "आई, समुद्र बघ कसला दिसतोय. बस की जरा."

"उभ्यानंही तेवढाच दिसतो."

पुढे समुद्रात घुसलेल्या जुन्या लाकडी पुलापाशी म्हातारा इवोर गळ टाकून बसला होता. "काय एलुनेड, कुणी मागं लागलंय का?"

"लेक लागलीय!"

"मग पळ बाई, पळ!"

बँडच्या चौथऱ्याजवळ खुबा ठणकायला लागला. हेलेदनं लगेच मधाचं आइस्क्रीम आणलं. "वितळेल हं. बाकावर बसून खा."

"लबाड कुठली!" एलुनेडनं ते चालत चालतच खाल्लं. कोपरापर्यंत ओघळ आले आणि तिला लहान मुलीसारखं हसू फुटलं.

टेकडीवर चढणारी रेल्वे दिसली, मग कठडा. नव्या खुब्याच्या पायानं लाथ मारायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. म्हणजे त्याच पायावर उभं राहायचं. तिनं काठी लेकीच्या हातात दिली, सगळा भार नव्या खुब्यावर टाकला आणि दुसरा पाय उचलला.

ठण्ण!

"जिंकले!" ती एवढ्यानं ओरडली की खालचे पोहणारे वर बघायला लागले. वळून पाहते तर हेलेदचे डोळे भरलेले.

"अगं, हरलीस म्हणून रडतेस?"

"मला वाटलं होतं, तू दमशील." हेलेदनं नाक ओढलं. "बाबा गेल्यापासून कार्डिफच्या घरात मला एकटं वाटतं गं. मला तू जवळ हवी होतीस, एवढंच."

लेक आपल्याला म्हातारी समजते, म्हणून एलुनेड वर्षभर चिडून होती. तिनं आइस्क्रीमनं चिकट झालेल्या हातानंच हेलेदचा गाल पुसला.

"मी दमेन त्या दिवशी बॅग भरते. तोवर दर शनिवारी तू इथं यायचं आणि मी दमले का ते बघायचं."

"दर शनिवारी?"

"पाऊस असला तरी. मार आता लाथ."

हेलेदनं अशी सणसणीत लाथ हाणली की अंगठा धरून खालीच बसली. एलुनेडनं काठी तिच्याकडेच राहू दिली.