अविनाशी कासवाची हार

मी एक पत्ता बोलतोय. राजा-राणीतला नव्हे, पाकिटं फोडून जमवायचे, राक्षसांचे अन् मंत्रांचे पत्ते असतात ना, त्यांतला. माझ्यावर दगडी कासव आहे आणि खाली एकच शब्द: अविनाशी.

छापखान्यातून निघालो तो स्फॅक्स या बंदराच्या शहरातल्या लसाद न्हाव्याकडे आलो. सोमवारी त्याचं दुकान बंद. मग शाळेपासूनचा दोस्त मोंजी यायचा, बदाम घातलेला चहा व्हायचा आणि आरशापुढच्या फळीवर डाव पडायचा. मोंजी माझ्यावर आग टाकायचा, वीज पाडायचा. मी ढिम्म!

"कासव आहे की बंदराची भिंत?" तो वैतागायचा.

एका सोमवारी त्याने नवा मंत्र काढला: समोरच्या जिवाचं बळ सहाने घटेल. माझं बळ सहाच होतं.

"गेलं तुझं कासव!"

"डोळे फुटले का? अविनाशी लिहिलंय."

"मी मारतोय कुठे? सुकवतोय."

"हरायला लागलास की असले नियम काढतोस. लबाड लेकाचा!"

मोंजीने आपले पत्ते गोळा केले आणि निघून गेला. सात महिने फिरकला नाही. मी बोथट वस्तऱ्यांच्या खणात पडून होतो. लसाद मधूनच खण उघडून माझ्याकडे बघायचा, पुन्हा लोटायचा.

मग एकदा हैफा आली. शहरात आमच्या खेळाच्या स्पर्धा होतात, त्यांना ती पंच असते. वडिलांची दाढी होईपर्यंत बसली होती. लसादने मला खणातून काढून दाखवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, हे कासव मरतं तरी कशाने?

"लसादकाका, 'नष्ट करा' म्हणणारे मंत्र याला लागत नाहीत, जखमांनीही हे मरत नाही," ती म्हणाली. "पण बळ शून्यावर आलं की गेलंच. याला खेळातून हद्दपारही करता येतं, मालकाला याचा बळीही द्यायला लावता येतो."

वस्तरा हवेतच थांबला.

पुढच्या सोमवारी मला खिशात घालून लसाद मोंजीच्या दारात उभा राहिला. माझी नुसती धाकधूक.

"सुकव याला," मला पुढे करत तो म्हणाला. "लबाड तू नव्हतास. अडाणी मी होतो."

मोंजीने मला उलटसुलट करून पाहिलं. "एवढं कळायला सात महिने? आत ये, गाढवा. उन्हात काय उभा?"

त्या दुपारी मोंजीने तोच मंत्र टाकला आणि लसादने आपल्या हाताने मला बाद पत्त्यांच्या ढिगावर ठेवलं. दोघं खो खो हसत होते. इतकं हायसं मला जन्मात वाटलं नव्हतं.

आता माझे कोपरे मऊ पडलेत. कधी टिकतो, कधी जातो. नवा डाव लागला की पुन्हा उभा. तुम्हीही खेळत असाल तर एवढंच सांगणं आहे: माझ्यापायी माणूस तोडू नका. मी गेलो तर खुशाल जाऊ द्या.