हत्तीखान्यातली चूल

कुंभकोणमहून साक्कोट्टैला जाणाऱ्या वाटेवर रघुनाथरावांची वडिलोपार्जित बागेतली हवेली होती. आजोबांनी ती बांधली तेव्हा तंजावरला राजे होते आणि आजोबा दरबारात मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे घराला बावीस खांबांची बैठक, तीन कारंजी आणि एकुलत्या एका हत्तीसाठी दगडी हत्तीखाना. संस्थान खालसा झालं, हत्ती गेला, माणसं कुंभकोणमच्या लहानशा घरात आली आणि हवेलीला कुलूप लागलं. नातू रघुनाथराव वकील झाले, वकिली जोरात चालली, आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं की आपण हवेलीत राहायला जायचं; पण आजोबांसारखं नव्हे, नव्या जमान्यासारखं.

झालं! दीड वर्ष घरात दुसरा विषय नाही. मद्रासहून बैलगाडीएवढा न्हाणीचा टब आला. खिडक्यांना रंगीत काचा बसल्या, मुलांना अभ्यासाची खोली झाली, बैठकीत खुर्च्या आल्या. सगळं नवं झालं आणि स्वयंपाकघर तेवढं आजोबांच्या वेळचं राहिलं: मागच्या अंगाला, दोन भिंतींत कोंडलेलं, उजेडासाठी वर वीतभर झरोका. रघुनाथराव माणूस भला, पण जिथं कधी पाऊल टाकलं नाही ती खोली त्यांच्या नकाशात यावी कशी?

त्या खोलीत जन्म काढायचा होता त्यांच्या थोरल्या बहिणीला, गंगाबाईंना. अकराव्या वर्षी विधवा होऊन त्या माहेरी आल्या आणि तेव्हापासून चुलीपुढे बसल्या, त्याला चाळीस वर्षं झाली. डोळे कायम लाल, कायम पाणावलेले. गेल्या वर्षी सुई ओवता येईना म्हणून त्या गुपचूप वैद्यांकडे गेल्या. वैद्यांनी पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितलं, "धूर सोडा, बाई. नाहीतर दोनतीन वर्षांत दिसणं बंद होईल." घरी येऊन त्यांनी भात चढवला. सांगणार कोणाला आणि सांगून चूल कोणाच्या गळ्यात घालणार? पण भीती काही गेली नाही.

हवेली पाहायला सगळे गेले तेव्हा बाकीची मंडळी टबाभोवती जमली आणि गंगाबाई फिरत फिरत हत्तीखान्यात शिरल्या. शिरल्या त्या तिथंच उभ्या राहिल्या. केवढं उंच छत! छताखाली चारी बाजूंनी हवेला वाटा. दार पूर्वेला. फरशीला उतार, उताराच्या टोकाला पन्हळ, शेजारी विहीर आणि दगडी टाकं. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? आजोबांनी हत्तीची जेवढी काळजी घेतली होती तेवढी त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या कोणत्याही बाईची घेतली नव्हती, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं आणि रागही आला.

स्वयंपाकघर इथंच करू या का, असं त्यांनी भावाला विचारलं. रघुनाथराव पोट धरून हसले. "अक्का, हत्ती जिथं मुतला तिथं कढी करितेस? लोक काय म्हणितील?" मग बहिणीचा चेहरा पाहून म्हणाले, "बरं, बघू." वकिलाचं 'बघू' म्हणजे काय, हे गंगाबाई चांगलं ओळखून होत्या.

गृहप्रवेशाचा दिवस ठरला. नव्या घरात पहिली चूल पेटवायची, तिच्यावर दूध ठेवायचं आणि ते पूर्वेला उतू जाऊ द्यायचं. दूध उतू गेलं ती जागा घराच्या अन्नपूर्णेची. चूल मग तिथून हलवायची नाही. दुधाला हात लावायचा मान सुवासिनीचा, म्हणजे भावजयीचा, सरोजाबाईंचा. गंगाबाईंनी समोर यायचंसुद्धा नव्हतं. मात्र लाकडं आणून रचायची, ते काम त्यांचंच. कामाला काही अशुभ लागत नाही.

दोन दिवस आधी त्यांनी चिंचेची जाड लाकडं टाक्यात बुडवून ठेवली. हत्तीखाना धुऊन काढला, तीन विटा मांडल्या, बाजूला वाळक्या झावळ्या आणि खडखडीत लाकडं रचली. मुहूर्त टळला आणि भावाच्या घरावर काही आलं तर? देवापुढे बसून त्यांनी दहादा क्षमा मागितली आणि ओली लाकडं स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

सकाळी चूल पेटली म्हणायची एवढंच. सरोजाबाईंनी फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले. धूर खोलीत भरला, ओसरीवर आला, नव्या खुर्च्यांपर्यंत पोचला. पाहुणे शालूंचे पदर नाकाला लावून अंगणात पळाले. त्रिविक्रमशास्त्री मंत्र म्हणता म्हणता खोकत होते की खोकता खोकता मंत्र म्हणत होते, ते सांगणं कठीण. रघुनाथराव डोळे चोळत ओरडले, "अय्यो! हे काय जाहलं?"

"मुहूर्ताला पाव घटका उरली," शास्त्री कसेबसे म्हणाले.

तेव्हा दाराआडून गंगाबाई बोलल्या, "हत्तीखाना पूर्वेकडे तोंड करून आहे. धुतलेला आहे. लाकडंही आहेत."

रघुनाथराव काही बोलणार तोच शास्त्री उठले. त्यांना मोकळी हवा हवी होती, शास्त्र मागून आपोआप सापडलं. "गज राहिला ती लक्ष्मीची जागा! चला!"

झावळ्या भडकल्या. धूर सरळ वर गेला आणि छताखालून निघून गेला. दूध फुगलं, क्षणभर थांबलं आणि पूर्वेच्या बाजूनं भरभरून उतू गेलं. लांब उभ्या असलेल्या गंगाबाईंना इतका आनंद झाला की त्या टाक्याच्या कठड्यावर मटकन बसल्याच.

पाहुणे जेवून गेल्यावर रघुनाथराव एकटे हत्तीखान्यात आले. उंबऱ्याशी थांबले, मग आत येऊन पाट ओढून बसले. गंगाबाई रात्रीची भाजी चिरत होत्या.

"अक्का, ती लाकडं ओली होती."

"होती. मीच भिजविली."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तू बघू म्हणितलंस." आणि मग त्यांनी वैद्यांचं बोलणंही सांगून टाकलं, विळी न थांबवता.

रघुनाथरावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "आम्हां सगळ्यांना वाटे, तू भावोजींसाठी रडतेस. लहानपणी आईनंच सांगितलं होतं, अक्काला काही विचारूं नको. म्हणून कधी विचारलं नाही."

गंगाबाईंची विळी थांबली. चाळीस वर्षं घरातलं प्रत्येक माणूस आपल्या डोळ्यांना मान देत बाजूनं जात होतं, हे त्यांना आज कळत होतं.

"अरे, त्यांना मी चारदां पाहिलं. चेहराही आठवत नाही रे, रघू."

रघुनाथरावांनी बहिणीपुढची वांग्यांची टोपली आपल्याकडे ओढली. "मला दाखव, हीं कशी चिरायचीं," ते म्हणाले.