गजेंद्रने बसवलेले ब्रेक

शालिग्रामचं गॅरेज पांडेसऱ्यात, रंगाच्या मिलांच्या पिछाडीला. ब्रेकचं काम निघालं की सुरतेतले हौशी गाडीवाले त्याचंच नाव काढत. गाड्यांना रंग चढवायचा तो त्याचा मेहुणा गजेंद्र, बायकोचा, म्हणजे पुष्पाबाईचा, धाकटा भाऊ. धरणगावहून आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. शालिग्रामने त्याला हाताशी धरलं, महाराजांपुढे बसवून गळ्यात तुळशीची माळ घातली, कीर्तनात आपल्या शेजारी टाळ देऊन उभं केलं. देवाने मला मुलगा दिला नाही, पण गजा दिला, असं तो चारचौघांत सांगायचा.

हेमराजशेठची स्पोर्ट्स कार आली ती ब्रेकसाठीच. चाकाच्या चकतीला दोन्हीकडून आवळून गाडी थांबवणारे ते जाड कॅलिपर भाजून काळपटले होते, आतून तेल झिरपत होतं. शालिग्रामने ते उतरवले, सुटे केले, आतले दट्टे घासूनपुसून चकचकीत केले. गजेंद्रने वरून लाल रंग देऊन भट्टीत पक्का केला. राहिलं ते आत तेल अडवणारी नवी रबरी सीलं बसवून जोडायचं काम. हे काम शालिग्राम कुणाच्या हाती देत नसे. पण त्या दिवशी सप्ताहाची सांगता, काल्याचं कीर्तन. आणि मृदंगावर थाप पडली की ह्या माणसाचा जीव पान्या-हातोडीत राहतोय कशाला!

"दाजी, तुम्ही जा. मी बसाडी देस," गजेंद्र म्हणाला.

कीर्तन ऐकून शालिग्राम परतला, तर गाडी चारी चाकांवर उभी. चाकांआडून लाल कॅलिपर नव्या नवरीच्या कुंकवासारखे झळकत होते.

"सगळं नवं टाकं ना रे?"

गजेंद्रने गळ्यातल्या माळेला हात लावला. "मी खोटं बोलस का, दाजी?"

झालं. माळेवर हात ठेवलेल्या माणसाचं काम उघडून बघावं, हे शालिग्रामच्या मनाला शिवलंही नाही. तो गाडी फिरवून आणायला बसला. गजेंद्रने बॉनेटला कुंकू लावलं आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "दाजी, जरा हळूच जा."

"अरे, शेठनी हळू चालाडाले लिधी का ही गाडी?" शालिग्राम हसला. पोराला आपली काळजी, म्हणून सुखावलाही.

पहिला ब्रेक झकास लागला. दुसरा जरा मऊ वाटला. पुढे साड्यांच्या गठ्ठ्यांनी लादलेला टेम्पो अचानक वळला, शालिग्रामने पाय दाबला, आणि पेडल थेट तळाला गेलं. काहीच नाही. त्याने "पांडुरंगा!" म्हणत हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग कडेला फिरवलं. गाडी रेतीच्या ढिगात घुसून थांबली. टेम्पोवाला शिव्या देत निघून गेला. एवढ्यावर निभावलं, ही देवाचीच कृपा.

गाडी ओढून आणल्यावर त्याने पुढचा कॅलिपर स्वतः उघडला. वरून काय तो लाल रंग! आणि आत तीच जुनी, तडकलेली सीलं.

"नवं बसाडताना फाटी गयं," गजेंद्र पुटपुटला. "तुम्ही रागवशात, म्हणीसन सांगं नही. माले वाटनं, जुनं चाली जाई."

"चाली जाई? मंग हळू जा कसाले सांगं तू?"

गजेंद्रने मान खाली घातली.

"म्हणजे तुले ठाऊक व्हतं. तरी माले गाडीमा बसू दिधं."

खोटं बोलला, एक वेळ पोटात घालता आलं असतं. भ्याला असेल, लाजला असेल. पण ह्याने ब्रेक नसलेल्या गाडीच्या बॉनेटला कुंकू लावलं होतं आणि दार लावून बाजूला झाला होता.

शालिग्रामने हेमराजशेठला फोन लावला. गाडी आज मिळणार नाही, चूक माझ्या गॅरेजची आहे, नवीन सीलं येईपर्यंत ती इथून हलणार नाही, असं सरळ सांगितलं. पलीकडून जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा मनगट सुजून टम्म झालं होतं. स्टिअरिंगवर आदळलेलं ते त्याला आत्ता जाणवलं.

गजेंद्र जवळ आला. डोळ्यांत पाणी होतं. शालिग्रामने नकळत तो सुजलेला हात थोडा पुढे केला.

"दाजी," गजेंद्र म्हणाला, "हाई तुम्ही ताईले सांगशात का?"

शालिग्रामने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने, एकट्यानेच, मनगटाला फडकं गुंडाळू लागला.